दहा हातांचा मळा

१७ एप्रिल १९६७, सोमवार
आज पुन्हा अंगण मोजलं. लांबी दहा हात, रुंदी सहा. त्यातले दोन हात मोरीनं खाल्ले. परत परत मोजून वाढणार आहे थोडंच! पण हात स्वस्थ बसत नाहीत.

आत्याबाई ओट्यावर बसून एकच विचारतात — “वरवटले कधी नेता मले?” आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; त्यांचा सारा जन्म वरवट बकालच्या मळ्यात गेला. मामंजी गेले, आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून ह्यांनी त्यांना शेगावला आणलं. मी म्हणते, “ऊन उतरू द्या, मग जाऊ.”

मळा विकला आहे. फाल्गुनातच. ह्यांना देवळाजवळ नारळ-हारांचं दुकान घ्यायचं होतं. आत्याबाईंना कचेरीत नेलं ते रेशनकार्डाचं काम आहे म्हणून. तसं सांगितलं कुणी? मी. कोणी विचारलं तर नुसती मान हलवा, हे शिकवलं मी. अंगठा धरून शाईवर टेकवला तोही मीच. हे दाराकडे तोंड करून उभे होते.

म्हणून हा अंगणाचा खटाटोप. इथं त्यांचं मन रमलं तर वरवट सुटेल. नाही रमलं तर — पुढचं सुचत नाही.

२० एप्रिल
भिंतीकडेनं उंच वाफे केले. छपराच्या फुटक्या कवेलूंचा काठ लावला. देखणे दिसत होते. आत्याबाईंनी हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. “वाफा वर काऊन केला वो? इथं पानी कमी, ऊन लय. खाली खोद. पानी ठरलं पाह्यजे त्यात.”

सगळे मोडले. कंबर गेली कामातून. पण वरवट सोडून दुसरं काही बोलल्या तरी.

२४ एप्रिल
खोल वाफे दोन — कोथिंबीर आणि पालक. शेजारच्या विमलबाईंकडून पुदिन्याच्या काड्या आणल्या, रॉकेलच्या डब्यात लावल्या. मोरीचं पाणी अळूकडे वळवलं. पश्चिमेच्या भिंतीला सुतळ्या बांधल्या. दोडका चढला की दुपारची झळ अडेल.

त्यांना दिसत नाही, म्हणून वासाची झाडं ओट्याला लागून. हात खाली सोडला की आधी सब्जा, मग पुदिना.

२८ एप्रिल
फजिती झाली. मडक्याला भोक पाडलं, वात घातली आणि वाफ्यावर टांगलं. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, तसं. थेंबभर पाणी वाया नाही! मी माझ्यावरच खूश होते. आत्याबाईंनी टपटप ऐकली, चाचपत आल्या, बोट नेमकं भोकावर. “भोकाचं मडकं मसनात नेतात. म्या मेली नाही अजून.”

मी महादेवाचं नाव घेतलं तर म्हणाल्या, “तो देव हाये. तू कोन?”

जेवल्या नाहीत.

२९ एप्रिल
जेवल्या. वर शिकवलंही. “कोरं गाडगं तोंडापर्यंत गाड. पानी भर, झाकन ठेव. भोक कायले पाह्यजे? ते आपल्या मनानंच पाझरते.”

दोन गाडगी गाडली.

५ मे
कोथिंबीर तरारली. आत्याबाई पुदिन्याचं पान बोटांत चुरगाळत बसतात. “आपल्या विहिरीचं पानी मचूळ. पुदिना कधी जगला नाही तिथं. शंकरचे बाबा तीनदा लावून थकले.” ह्यांच्या नावानं मामंजींची आठवण काढली आणि हसल्या. किती महिन्यांनी! मला मेलीला रडू आलं.

८ मे
नको तेच झालं. शुक्रवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मामंजींच्या नावाची घागर भरायची. आत्याबाई म्हणतात, “आपल्याच विहिरीच्या पान्यानं भरीन. जाऊन येऊ एका दिवसात.”

मी ह्यांना म्हटलं, आता खरं सांगून टाकू. हे ताट सरकवून उठले. “मायले एसटीत झेपनार नाही. मीच पानी आनतो म्हनून सांग तिले.” म्हणजे सांगायचं परत मीच.

११ मे
हे सकाळच्या एसटीनं गेले, संध्याकाळी भरली कळशी घेऊन आले. आत्याबाईंनी कळशीला हात लावून नमस्कार केला.

मागाहून हे मोरीपाशी पाय धुताना हळूच म्हणाले, “गावात उतरलो. मळ्याकडं पायच उचलला नाही. विकल्या विहिरीवर कोन्या तोंडानं जाऊ?” कळशी भरली ती आपल्याच गल्लीतल्या नळावर. मी ताट वाढलं. माणूस दिवसभराचा उपाशी होता.

१२ मे, आखाजी
घागर पुजली. वर खरबूज ठेवलं. आत्याबाईंनी कळशीत उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडाला लावलं — तेव्हा माझ्या डोक्यात लखकन आलं. मचूळ! ते मचूळ असायला हवं होतं. नळाचं पाणी गोड आहे. पुदिन्याचं त्यांनी सांगितलं होतं, मी इथं लिहूनही ठेवलं होतं, आणि विसरले!

त्यांनी घोट गिळला. चेहरा तसाच. ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “लय चालला का रे उन्हात?” हे “हाव” म्हणाले. पुरणपोळ्या दोन खाल्ल्या आत्याबाईंनी.

मी दिवसभर अंगणात उगाच माती उकरत राहिले.

१३ मे
हे दुकानात गेल्यावर आत्याबाईंनी मला ओट्यावर बसवलं. “अंगठा घेतला तवाच समजलं मले. रेशनकार्डाले साक्षीदार लागतात काय? वरवटचं इचारत होती ते कोनी खरं सांगते काय म्हनून.” मी पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले. “शंकरले सांगू नोको मले माहीत हाये म्हनून. दुकानात मन लागनार नाही त्याचं.” मग म्हणाल्या, “त्या कोपऱ्यात लिंबू लाव. चार-पाच वर्सं घेते, पन लाव.”

खड्डा खणला. हे दुकानातून आल्या आल्या विचारतात — “माय काही बोलली का?”

लिंबू लाव म्हणाल्या, एवढंच सांगितलं.