डावखुऱ्या अनिताची गिटार

पेण,
सोमवार, २६ ऑगस्ट १९९६

तीर्थस्वरूप विठूमामांच्या पायाशी भाचा महिपतीचा दंडवत, मामींनाही तसाच, आणि तुमच्या ओटीवर पत्र वाचताना जो कोणी शेजारी डोकावत असेल त्यालाही नमस्कार.

मोतीबिंदू काढलेला डोळा आता कसा आहे? थेंब तुम्ही स्वतः घालता की मामी घालतात? (मामी घालत असतील तर निम्मे कानात जात असतील, पण निम्मे डोळ्यात जातात हेही काही कमी नाही.) इकडे सर्व क्षेम आहे. श्रावणाने माझ्या लग्नातल्या कोटासकट सगळ्या घरावर बुरशी धरली आहे. समोरच्या कारखान्यात गणपती रंगून रांगेने उभे आहेत आणि त्यांना बसायला लागणारे पाट दरवर्षीप्रमाणे मी करायचे आहेत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नेमक्या अशा वेळी एक काम चालून आले आहे. ते घ्यावे की सोडावे, एवढेच तुम्हाला विचारायचे आहे. तुम्ही आता रंधा खुंटीला टांगला असलात तरी लाकडाचा गुरू एकच.

तर झाले असे. मागे बँडवाल्या जनूने, भजनाची पेटी दुरुस्त करणारा माणूस काहीही दुरुस्त करू शकतो अशा समजुतीने, एक फुटकी गिटार माझ्या दुकानात आणून टाकली आणि तो ती विसरून गेला. मी ती उघडली. आतल्या पट्ट्या, सांधे, सगळे बघितले आणि डोक्यात किडा शिरला. पाटाचौरंगातून वेळ काढत तशीच एक केली. दिसायला ती अशी झाली आहे की पहिल्यांदा बघणारा माणूस ‘पाळणा केवढ्याला’ असे विचारतो. पण मामा, आवाज गोड आहे. ती दारात टांगून ठेवली होती, आणि त्या टांगण्यानेच सगळा घोळ केला.

गेल्या पंधरवड्यात भर पावसात एक मुलगी दुकानात आली. नाव अनिता, तुमच्या रोह्याचीच, नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहते आणि बालवाडीत शिकवते. गिटार बघू का म्हणाली. मी काढून दिली तर तिने ती चक्क उलटी धरली. मनात म्हटले, हिला काही येत नाही, आता तारा तोडणार. पण तिने वाजवायला सुरुवात केली आणि माझ्या हातातला रंधा फळीवर होता तिथेच थांबला. समोरच्या कारखान्यातले रंगारी हातात ब्रश घेऊन पावसात येऊन उभे राहिले. (त्यात एका गणपतीचा एकच डोळा रंगवून व्हायचा होता, तो तसाच वाट बघत राहिला.) मुलगी डावखुरी आहे. उजव्या हाताच्या गिटारीवर उलटे वाजवून वाजवून शिकली आहे, म्हणजे आपण आरशात बघून रंधा मारावा तसे.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. रोह्याच्या हर्षदचा ऑर्केस्ट्रा आहे. त्याचा गिटारवाला अचानक आखातात नोकरीला गेला. नागोठण्याच्या कंपनीच्या कॉलनीत गणपतीच्या पाचव्या दिवशी त्यांचा कार्यक्रम आहे. हर्षदने हिला सांगितले आहे की तू वाजव, पण गिटार तुझी आण. आजवर ती मैत्रिणीच्या भावाची वाजवत होती, तो आता देत नाही. मुंबईच्या दुकानदाराने सांगितले, डाव्या हाताची बाहेरून मागवावी लागेल, दिवाळीनंतर बघू. आणि नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, कारण जाड तारांचा भार आत ज्या पट्टीवर पडतो ती पट्टीसुद्धा बाजू बदलून बसवावी लागते. म्हणजे सगळी गिटारच नव्याने करायची, आणि तीही गणपतीच्या आत. मी म्हटले, आठ दिवसांनी ये, सांगतो.

खरे सांगतो, मी नाही म्हणायचे ठरवूनच टाकले होते. पण आपण कशाला नाही म्हणतो ते तरी माणसाला कळायला नको का? म्हणून नुसती चाचपणी करायला मी गडब गावी गेलो. तिथे हायवेवरच्या काळुराम वाण्याने दुकानाला नवे शटर बसवले आहे आणि दुकान बंद करायच्या जुन्या, आकडे घातलेल्या सागवानी फळ्या पडवीत पडल्या आहेत. या दमट दिवसांत मला इतके वाळलेले लाकूड दुसरीकडे कुठे मिळणार? एका फळीवर बोटाने टिचकी मारली. मामा, तिने जो टणत्कार दिला तो अजून कानात आहे. काळुराम म्हणाला, ने, पण या फळीवर माझ्या बापाच्या हातचा पाचाचा आकडा आहे, तो खरवडू नको. कबूल केले. मग ती फळी घेऊन मी एसटीत चढलो. ती आडवी मावेना, उभी केली तर टपाला लागली, म्हणून तिरकी धरली. प्रत्येक वळणावर ती एका गृहस्थाची टोपी उडवायची आणि मी ती उचलून द्यायचो. शेवटी त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि पेण येईपर्यंत माझ्याशी मुलांच्या शाळेविषयी गप्पा मारल्या.

फळी वखारीत चिरून पातळ केली. आता कड वाकवायची. त्याला तापलेली नळी लागते, आणि आमच्या घरात तशी एकच, आंघोळीच्या बंबाची. सकाळभर मी ओली पट्टी नळीवर दाबत बसलो. आंघोळी खोळंबल्या. पहिली पट्टी अशी काडकन मोडली की सासूबाई आढे कोसळले म्हणून अंगणात धावल्या. (आमच्या सासूबाई गिरजाबाई खाडीकडच्या, मिठागरावर जन्म गेला. आता आमच्याकडेच असतात आणि घाबरल्या तरी रागावूनच घाबरतात.) पण दुसरी पट्टी, मामा, दुसरी पट्टी हळूहळू वळली. ओल्या कणकेसारखी. कमरेच्या जागी आत, खाली बाहेर. मी आनंदाने तुमच्या भाचेसुनेला, शांतीला हाक मारली, तर ती म्हणाली, छान आहे, आता पाणी द्या.

नंतर लाकूड चिकटवायच्या सरसाची भानगड झाली. सरस शिजवला की वास सुटतोच, आणि तो कशाचा करतात ते सासूबाईंना माहीत. श्रावणात, सोमवारी, उपासाच्या साबुदाण्याशेजारी जनावराचा सरस! त्यांनी शेगडीसकट मला पडवीत काढले. पडवीत पावसाची झड, सरस शिजेना, शिजला तर धरेना. मी पुन्हा ठरवले, नाही म्हणायचे.

जेवताना मी तसे बोललो. शांती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “पाट कोण पण करील. त्या पोरीला सरळ धरायची वस्तू कोण देनार? मी पण डावरीच होते.” मी बघतच राहिलो. एवढी वर्षे संसार केला, फळीतला केसाएवढा बाक मला दुरून दिसतो, आणि ही भाकरी कुठल्या हाताने थापते ते कधी दिसले नाही. लहानपणी आईने तिचा डावा हात फडक्याने कमरेला बांधून ठेवला होता. डाव्या हाताने वाढणारी पोर सासरी काय नाव काढणार, म्हणून. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्या ताटातल्या भाताकडे बघत राहिल्या.

ठरल्याप्रमाणे अनिता आली. दुकानात गळत होते म्हणून घरात बसवली. सासूबाईंनी तिला बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “तुला घरात कोनी मारला नाय, या हातासाठी?”

अनिता म्हणाली, “मारला ना, आजी. मग मारणारेच दमले.”

शांती चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली. मग सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी नाय दमले.” आणि जरा वेळाने, “जावयबापू, ती शेगडी आत घ्या. पावसात सरस काय शिजनार.”

शांतीने चहा खाली ठेवला. पहिला कप तिने आईपुढे केला, डाव्या हाताने, आणि सासूबाईंनी तो घेतला.

तेव्हापासून घरात जी लगबग आहे ती काय सांगू. कड पक्की बसली आहे, तोंडावरची फळी चिकटते आहे, पाचाचा आकडा आतून शाबूत आहे. मी येताजाता टिचकी मारतो, शांती मारते, कोणी बघत नसले की सासूबाईही मारतात. मला रात्री झोप नाही आणि तरी सकाळी ताजातवाना असतो. पण तुमच्या सल्ल्याशिवाय मी आजवर कुठलेही मोठे काम अंगावर घेतलेले नाही. तेव्हा मामा, नीट विचार करून कळवा, हे काम घ्यावे की न घ्यावे?

आपला आज्ञाधारक भाचा,
महिपती

ता. क. सल्ला देताना फार ताण घेऊ नका. मी अनिताला त्याच दिवशी हो म्हटले आहे.

ता. क. दुसरा : पाटांचे मात्र जमणार नाही. म्हणून यंदाचे पाट रोह्याचे विठूमामा करणार असे मी सगळ्या गिऱ्हाईकांना सांगून टाकले आहे. तुमचे नाव ऐकून सगळे खूश झाले. लाकूड निलेशच्या टेम्पोने पाठवले आहे, बहुधा या पत्राच्या आधी पोचेल. तुम्ही ते उतरवून घेऊन ‘हे काय’ असे मामींना विचारत असाल, तर ते हे.

ता. क. तिसरा : टेम्पोत पुढच्या सीटवर सासूबाई आहेत. सरस घरात शिजवायला त्यांनी परवानगी दिली आहे, पण त्याचा वास घ्यायला त्या तयार नाहीत. कार्यक्रम होईपर्यंत तुमच्याकडेच राहतील. पाट घासायला मदत करीन म्हणाल्या आहेत. करू द्या, त्या दमत नाहीत.