उस्तादानं सोडलेला डाव

बुधवारा, बऱ्हाणपूर
माघ वद्य पंचमी, १९५७

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,

सुधाकरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; कितपत खुशाल आहे ते पुढे कळेलच. तुमचा गुडघा आता कसा आहे? रंभाताईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, ज्येष्ठमध चघळ आणि दाजींवर ओरडणं जरा कमी कर. (ते काम या पत्रापुरतं मी अंगावर घेतलं आहे.) नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या काही भोपाळला तर काही मुंबईला गेल्या, आणि तुम्ही पेन्शनीत नागपुरातच राहिलात. त्यामुळे तुम्हाला मोकळा वेळ फार मिळतो, आणि त्या वेळात तुम्ही वर्तमानपत्रांची कात्रणं कापून नातेवाइकांना पाठवता. आजची तक्रार त्या कात्रणाबद्दल आहे.

दोन ग्रँडमास्टरांच्या डावाचं जे कात्रण तुम्ही संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर पाठवलंत, त्यावर लिहिलं होतं की हा डाव म्हणजे गाण्याची बैठक आहे, एकट्यानं ऐकू नकोस. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही, हाच माझा दोष. आणि डाव मला खरोखर आवडला, तेही लपवत नाही. दुकानात लुगड्यांचे गठ्ठे बाजूला सारून मी गल्ल्याजवळ पट मांडला आणि कात्रण वाचत एकेक चाल खेळून पाहिली. (एक बाई खणाचा भाव विचारून विचारून शेवटी समोरच्या दुकानात गेली.) पांढऱ्याचा उंट सुरुवातीपासून एका कोपऱ्यात गप्प बसलेला. मला वाटलं, याला विसरला की काय हा गृहस्थ. मग मध्येच त्यानं आपला वजीर सरळ देऊन टाकला. काळ्यानं तो घेतला, घेणं भागच होतं, आणि पांढऱ्यानं काय करावं? शह नाही, मारामारी नाही, एक साधं प्यादं एक घर पुढे सरकवलं. तेव्हा कळलं की तो कोपऱ्यातला उंट इतका वेळ काळ्या राजाच्याच घराकडे बघत होता. काळ्यानं पटाकडे पाहिलं आणि डाव सोडला. दाजी, खरं सांगतो, त्या प्याद्याच्या एका पावलानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर काही मी कापडातसुद्धा फार कमी पाहिलं आहे.

तिथेच थांबायला हवं होतं. पण एकट्यानं ऐकू नकोस ना. म्हणून मी रविवारी दुपारी घरी चार माणसं बोलावली, आणि त्यातच लोधीपुऱ्याचे लीलाधरआप्पा बोलावले, म्हणजे आपले होणारे व्याही. सुलभाचं त्यांच्या प्रभाकरशी ठरलं आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. फक्त तारीख धरायची राहिली होती. मनात म्हटलं, आधी डावाचं रसग्रहण, मग चहा, मग पंचांग. आप्पा बुद्धिबळाचे शौकीन, म्हणजे खूश होतील. तुम्हाला हेही ठाऊक आहे की हे स्थळ मी का पत्करलं. प्रभाकर इथल्याच तहसील कचेरीत कारकून होता. बुधवाऱ्यातली मुलगी लोधीपुऱ्यात, म्हणजे भाजी पातेल्यात झाकून नेली तर गरम पोचेल. एवढं बोलून होतं न होतं तोच नवं राज्य झालं, आणि याचं हिंदी अक्षर वळणदार म्हणून सरकारनं याला उचलून भोपाळला नेलं. (माझंही हिंदी अक्षर चांगलं आहे. मला कोणी विचारलं नाही.) असो.

तर बैठक जमली. आप्पा लोडाला टेकले. माझा शेजारी पंडित शिंपी आला, तो आपल्या बोळातल्या सगळ्या भांडणांत पंच असतो. फोपनारचा उखर्डू केळीची गाडी रिकामी करून आला, तो वाटेत जिथे माणसं दिसतील तिथे बसतो. मी प्रस्तावना केली. कला म्हणजे काय, संयम म्हणजे काय, असं बरंच बोललो. मग पहिली चाल केली: पांढऱ्याचं प्यादं दोन घरं पुढे. झालं. सगळे एकदम म्हणाले की प्यादं एक घर चालतं. मी म्हटलं, परदेशी नियमात पहिल्यांदा दोन चालतं. पंडितानं विचारलं, मग तो परदेशी माणूस रांगेत उभा असताना पण दोन घरं पुढे जातो का? दाजी, संस्थानं विलीन झाली, प्रांतांच्या हद्दी बदलल्या, परवापर्यंत आम्ही नागपूरचे होतो ते आज भोपाळचे झालो आणि त्याबद्दल बऱ्हाणपुरात कोणी अवाक्षर काढलं नाही. पण प्याद्यानं एक घर चालायचं की दोन, यावर आमच्या घरात चहा दोनदा गार झाला.

पुढे किल्लेकोट आला. राजा आणि हत्ती एकाच चालीत दोघंही हलले हे बघून उखर्डू उठून उभाच राहिला. त्याला खाली बसवला. वजीर दिला तेव्हा आप्पांनी डोळे मिटून घेतले, जणू घरचंच कोणी गेलं. मी आवाज हळू केला, ते शेवटचं प्यादं दोन बोटांत धरून (तुम्ही असता तर वाहवा केली असती) एक घर पुढे ठेवलं, आणि म्हणालो, इथे काळ्या ग्रँडमास्टरनं डाव सोडला. सगळे पटावर वाकले. मला वाटलं, रस भिनला. मग उखर्डू म्हणाला, “शह बी नाही लागेल, मात बी नाही झाली, अन् भाऊ हारला कसा म्हन्ता?”

मी समजावलं की पुढे मात अटळ होती. पंडित म्हणाला, अटळ तर मरण पण आहे, म्हणून कोणी आजच तिरडी बांधत नाही. मी सांगितलं, मोठी माणसं प्रतिष्ठेनं डाव सोडतात. त्यावर त्यानं मोजून दाखवलं की काळ्याकडे वजीर शाबूत आहे, पांढऱ्याकडे नाही, मग प्रतिष्ठा कोणाची गेली? लोडाला टेकलेले आप्पा तेव्हा पुढे सरकले, काळ्या राजाकडे मायेनं बघत राहिले आणि म्हणाले, “या पोराला कोनी सल्ला देनारा नव्हता, बस. सरका इकडे. याचा डाव मी खेळतो.”

मी हसलो. मला वाटलं थट्टा आहे. पण त्यांच्या घरात म्हणे रीत आहे, मांडलेला डाव अर्धा टाकून शुभकार्याची बोलणी करायची नाहीत. त्यांच्या वडिलांनी एकदा केली होती, तर मांडव पडला. (मांडव वाऱ्यानं पडला होता, हे सगळ्या लोधीपुऱ्याला माहीत आहे. पण व्याह्यांपुढे वाऱ्याची बाजू कोण घेणार?) मी म्हटलं, आप्पा, हा डाव आपला नाहीच, दोन परक्या माणसांनी तो तिकडे खेळून संपवला. ते म्हणाले, “संपवला नही, सोडला. सोडलेला डाव ज्याच्या घरात, त्याच्या घरचा.” पंच पंडित होताच. निकाल असा लागला की डाव सोडेपर्यंत परदेशी कायदा, सोडल्यानंतर बऱ्हाणपूरचा.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. आपल्याकडे राजाला शह बसलेला नसला तर त्याला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आप्पांनी काळ्या राजाला दोन्ही हातांनी उचलला आणि त्या फासातून बाहेर नेऊन ठेवला. मी पुष्कळ ओरडलो की किल्लेकोट केला त्यातच त्याची उडी खर्च झाली. पंडित म्हणाला, तो परदेशातला खर्च, इथल्या खात्यात नाही. उखर्डूनं आनंदानं उरलेली केळी वाटली. ज्या उंटानं अख्खा डाव एका घराकडे बघण्यात घालवला, तो आता रिकाम्या घराकडे बघत बसला आहे. मला त्याच्याकडे बघवत नाही.

तेव्हापासून दर रविवारी बैठक. आप्पा एका चालीला सबंध दुपार घेतात आणि मधल्या आठवड्यात अख्ख्या लोधीपुऱ्याचा सल्ला घेऊन येतात. पट बैठकीच्या खोलीत मधोमध आहे, त्याला हात लावायचा नाही. तिथे केर काढता येत नाही म्हणून हिनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. मोहरा पडू नये म्हणून सुलभा चहाचे कप डोक्यावरून फिरवून आणते. (ती पुसताना प्रत्येक मोहरा उचलून अचूक जागी ठेवते, म्हणून तेवढी परवानगी तिला आहे.) आणि मी काय सांगू? मी पांढऱ्याकडून बसलो आहे. जिंकून बसलेला डाव मला मिळाला होता, तो आता दर रविवारी थोडा थोडा आप्पांच्या खिशात जातो आहे. परवा एक हत्ती गेला. दुकानातही लोक कापड बघत नाहीत, विचारतात, “मास्टर, तुमचा वजीर आला का परत?” ग्रँडमास्टर हा शब्द बुधवाऱ्यात आता माझं नाव म्हणून चालतो, आणि तो आदरानं उच्चारला जात नाही.

वैशाखातल्या चांगल्या तारखा एकेक करून लोक पळवताहेत. मंगल कार्यालय नाही, निदान मारुतीच्या देवळापुढचं पटांगण तरी धरायला हवं. प्रभाकर भोपाळहून पत्रं टाकतो की काय ठरलं. त्याला काय लिहू, की तुझा बाप एका परदेशी माणसाचा राजा वाचवतो आहे? या सगळ्याचं मूळ तुमची कात्री आहे. पोट कशानं बिघडलं ते वैद्याला सांगावं, तसं हे तुम्हाला सांगितलं. रंभाताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सुधाकर

ता. क. तक्रारीनं काही होत नाही म्हणून विनंती. ज्या वर्तमानपत्रात हा डाव आला, तिथे बुद्धिबळाचं सदर लिहिणारा कोणी असेलच. त्याला सोबतची मांडणी दाखवा आणि पांढऱ्यानं आता काय खेळावं ते विचारून लवकर कळवा. त्याला राजाच्या उडीबद्दल काही सांगू नका, नाहीतर तो मांडणीच परत करेल.

दुसरा ता. क. दाजी, वरचं कोणाला विचारू नका. खरं ते लिहितो, रंभाताईला वाचून दाखवू नका. चाल मला दुसऱ्याच रविवारी दिसली आहे. डावीकडचा घोडा मध्ये आणायचा, मग उरलेल्या हत्तीचा शह, आणि आप्पांचा राजा कुठेही जात नाही. ती अजून तिथेच आहे. आप्पांना ती दिसू नये म्हणून मी त्यांच्यापुढे एकेक मोहरा खायला टाकतो आहे. तो हत्ती गेला नाही, मी दिला. मात झाली की पंचांग उघडणार, आणि पंचांग उघडलं की सुलभा भोपाळला जाणार. लोधीपुरा असता तर मी पहिल्या रविवारीच हरलो असतो. तेव्हा तुम्ही एवढंच करा, तुमच्या वळणदार अक्षरात असं पत्र पाठवा की नागपूरच्या जाणकारांच्या मते मांडणी अतिशय अवघड आहे, घाई करू नये. आषाढ लागेपर्यंत ओढलं की पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. तेवढे महिने मिळाले तरी पुष्कळ झाले.

तिसरा ता. क. पाकिटावर पत्ता घालायला सुलभाकडे दिलं. (माझ्या चांगल्या अक्षरातला पत्ता पोस्टमनला लागत नाही.) ती पत्ता घालायला बसली आणि पत्रच वाचत बसली, शेवटपर्यंत. रागावलो तर म्हणाली, “बाबा, घोड्याची चाल मला पण दिसली होती. पुसताना. मी पण बोलले नाही.” मग ती चहा करायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीही आत गेलो नाही.

तेव्हा काही पाठवू नका. या रविवारी मी घोडा हलवतो. तारीख कळवीन, तुम्ही दोघं आठ दिवस आधी या, आणि येताना कात्री घरी ठेवून या.