बाबांच्या छातीवरचा निळा ठिपका

गुरुवार, दुपार
१२ तारीख

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, चिमणीला गालगुच्चा. आम्ही इकडे ठीक.

आत्ता खिडकीतलं ऊन सांगाड्याच्या बरगड्यांमधून माझ्या कागदावर उतरलंय, लिहायला आयत्या ओळी मिळाल्यात. वर्ग सुटलाय. शरीररचनेचा हा हॉल दुपारी इतका शांत होतो की आपण पाण्याखाली बसलोय असं वाटतं. पहिल्या वर्षाची पोरं अजून बुजरी आहेत. हाडंसुद्धा शेजारच्यांची काचेची भांडी धरावीत तशी धरतात.

यंदा म्हटलं, यांना आधी जिवंत माणूस शिकवू. अंग बोटांनी चाचपायचं आणि आत काय कुठे आहे ते कातडीवर रंगीत पेन्सिलीने काढायचं. पण अंग द्यायला कोण तयार होणार? सगळे लाजरे. घरी बोलले, तर बाबा म्हणाले, "मी येतो की! जन्मभर लोकांची मापं घेतली, आता माझं घेऊ देत."

आले, आणि शर्ट काढून ऐटीत टेबलावर बसले. "छाती अडतीस, लिहून घ्या!" पोरं हसली, भीड चेपली. मग कोणी यकृत हिरवं काढलं, कोणी फुप्फुसं लाल. बाबा डोळे मिटून बसलेले. मला उगाच आपलं दुकान दिसायला लागलं. फळीवर पसरलेलं कापड, त्यावर खडूच्या रेघा, आणि खाली चिंध्या वेचणाऱ्या आपण दोघी. तू दुकान बंद करायला लावलंस म्हणून ते अजून रुसलेत, आणि तूही काही कमी नाहीस. असो.

शेवटी हृदयाचा ठोका जिथे बोटाला लागेल तिथे निळा ठिपका द्यायचा होता. या पोरांची एक खोड असते, बोटाला लागो न लागो, पुस्तकातल्या जागी ठिपका देऊन मोकळी होतात. सगळ्यांचे ठिपके एकाच जागी पडले. एकीचा मात्र पार खाली, काखेच्या बाजूला. बाकीचे फिदीफिदी हसले. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मला खरंच इथेच लागतोय."

मी हात ठेवला. तिथेच होता गं.

हृदय मोठं झालं की ठोका असा बाहेर सरकतो. दरवर्षी शिकवते मी हे. त्या दिवशी "हिचं बरोबर आहे" एवढंच तोंडातून निघालं.

ताई, वर 'ठीक' लिहिलंय ते खोटं आहे. तपासण्या झाल्या. हृदय ताणून ताणून थकलंय. औषधं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणाले, कोणाला भेटायचं असेल तर लांबवू नका. बाबांनी विचारलं, "मापाला मोठं झालंय, तर बाजूने जरा दाबून शिवता नाही येणार?" डॉक्टर हसले. मला काही हसू येईना.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. म्हणाले, "मला दम लागतो हे थोरलीला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर दुकान बंद करा म्हणत होती. आणि मी तिला काय काय बोललो! आता कोणत्या तोंडाने बोलावू?"

मी शपथ मोडतेय. मला फार भीती वाटतेय गं.

बाकीचे रंग पहिल्याच अंघोळीत गेले. तो एक निळा ठिपका मात्र ते जपतात, तिथे साबण लावत नाहीत. पुसट झाला की पेन्सिल घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "थोरली कधी आली तर दाखवीन. तुझंच बरोबर होतं, हे तोंडाने म्हणवत नाही मला."

कालच मी गिरवला होता. ठिपका आज पुन्हा पुसट झालाय. ये, आणि या वेळी तू गिरव.

शपथ मोडून बसलेली,
तुझी धाकटी