बोटभर उजवीकडे

तुर्दुबेक बाइके, थोरल्या दादा,

तुम्ही गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी आज तुमच्याच बंदुकीनं रानबोकड पाडला. "थोरल्या भावाचाच हात!" असं सगळे म्हणाले. मी ताट बाजूला सारलं आणि हे लिहायला बसलो.

तीस वर्षं खोगिरावर आपटून बंदुकीच्या नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो खुंट, वाकली होती. गोळी डावीकडे जायची, म्हणून तुम्ही बोटभर उजवीकडे नेम धरायचात. मी शहाण्यानं ती गुपचूप सरळ करून आणली. तुम्ही सवयीनं उजवीकडेच धरलात आणि तीन बोकड हातचे गेले.

"डोळे गेले रे, झापार," म्हणालात, बंदूक माझ्याकडे टाकलीत आणि लेकीकडे शहरात जाऊन बसलात. तिथंच संपलात.

चार शिव्या खाव्या लागतील म्हणून मी गप्प राहिलो.

तुमचे डोळे शाबूत होते, बाइके.

तुमचा धाकटा,
झापार