डोंगरावरचं तळं

मंगळवार, जून १९९६. तारनाका

आज श्रीधरची योजना बंद झाली, आणि बंद करायचा कागद मीच टाइप केला.

रात्री उरलेल्या विजेनं नदीचं पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवायचं आणि संध्याकाळी शहरभर दिवे लागले की ते खाली सोडून वीज करायची. एवढंच तर होतं. त्याच मोजणीला गेला असताना घाटात त्याची जीप उलटली आणि तो गेला. मग त्याची बायको म्हणून त्याच्या ऑफिसात मला नोकरी दिली.

साहेब समजावत होते, "क्या करते अम्मा, अब कंपनीवालों का गॅस का प्लांट आ रहा. तालाब को पैसा कौन देता?" माणूस वाईट नाही. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. आणि मी तो प्यायलेसुद्धा! कशी प्यायले?

फाइलीत नकाशा होता. त्यावर श्रीधरनं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'इथे तळं'. 'थ' नेहमीसारखा वाकडा. मागून घ्यायला हवा होता का? मी फाइलीची नाडी बांधून परत दिली. तो वाकडा 'थ' आता रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाणार.

घरात पाऊल टाकलं तर सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "श्रीधरच्या तळ्याचं काही कळलं का गं?"

"काम सुरू होतंय, आई."

कशाला बोलले मी असं? केवढ्या हसल्या त्या! म्हणाल्या, "पाणी सोडतील त्या दिवशी मला ने. गुडघे दुखले तरी चालेन मी."

नेईन म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.