रुखवतातले घर आणि माझा एअरब्रश

१ डिसेंबर

नोंदीशिवाय कोणतेही यंत्र नीट राहत नाही, म्हणून आजपासून ही रोजनिशी. ती फक्त माझ्यासाठी आहे.

एअरब्रश मागच्या वेळी वापरून तसाच ठेवला होता, असे आढळले. उपकरण पेनाएवढे, मागे रबरी नळी, नळीला छोटा कॉम्प्रेसर. वर करंगळीच्या पेराएवढी वाटी. वाटीतला रंग हवेबरोबर धुक्यासारखा बाहेर येतो, आत राहिला तर मात्र दगड होतो. या उपकरणाने मी आजवर प्लास्टिकच्या चार छोट्या एस.टी. बस रंगवल्या आहेत. त्यांपैकी एक ओळखू येते.

कंपनीचे खास क्लीनर मागवणार नाही. मी बी.कॉम. आहे. बाटलीत काय आहे आणि लेबलवर काय आहे, यातला फरक मला कळतो. घरातल्या वस्तूंनी हे काम उत्तम होईल.

मुलगी हर्षाली हिचे लग्न २२ तारखेला आळेफाट्याच्या कार्यालयात. पत्नी प्रतिभाने रुखवतात मांडण्यासाठी थर्माकोलचे घर केले आहे. आमचेच, पिंपळवंडीचे. दसऱ्यापासून शेतातून आली की ती त्याच्यापुढे बसते. गॅसवर ब्लेड तापवून खिडक्या कापल्या. गोठा आहे, कांद्याची चाळ आहे, दोऱ्याची वलणी आहे आणि तिच्यावर बोटभर ओढणी वाळत घातली आहे. काम नीट आहे. फक्त रंग राहिला आहे. तो मी एअरब्रशने देईन, असे जाहीर केले.

प्रतिभा म्हणाली, पोस्टर कलर अन् साधा ब्रश बास झाला. ब्रशचे फराटे दिसतात, हे मी समजावले. ती म्हणाली, आपल्या भिंतीला फराटेच हायेत. स्वयंपाकघरात कलेची चर्चा वाढवू नये म्हणून मी थांबलो.

३ डिसेंबर

गरम पाणी, भांड्यांचा साबण, थोडे व्हिनेगर. सुटे भाग प्रतिभाच्या वरणाच्या वाटीत भिजवले. घासण्यासाठी लहान ब्रश हवा होता, मोरीत एक टूथब्रश सापडला. तो कोणाचा होता हे नंतर कळले.

चाचणी घेतली. आधी फेस आला, मग फेस आला, मग निळसर फेस आला. एस.टी. क्रमांक पाचवर बुडबुडे वाळले. तिला देवी आल्यासारखे दिसते. साबणाचा दर्जा पूर्वीचा राहिलेला नाही.

ठराव: दुसऱ्याचा टूथब्रश न विचारता घेऊ नये.

५ डिसेंबर

सुटे भाग पितळेचे आहेत, वर फक्त मुलामा. हे लक्षात येताच उपाय आपोआप सुचला. आपल्या घरात पितळेचे देव पिढ्यानपिढ्या चिंचेने उजळतात. जे देवांना चालते ते नॉझलला न चालण्याचे कारण नाही.

चिंच भिजवून कोळ काढला, चोळला. मुलामा थोडा गेला, पण आतले पितळ फार सुंदर निघाले.

संध्याकाळ: नॉझलच्या भोकात चिंचेचा दोरा अडकला आहे. शिवणाच्या सुईने काढायला गेलो. आता सुईचे टोकही तिथेच आहे.

प्रतिभाने विचारले, रंग कवा देणार? बारा तारखेनंतर तिला पत्रिका वाटायला फिरायचे आहे, त्याआधी घर वाळून तयार हवे. मी सांगितले, यंत्र देखभालीखाली आहे. ती म्हणाली, ट्रॅक्टरचंबी एवढं नसतं.

८ डिसेंबर

यश. टोक निघाले, दोराही निघाला. भोक किंचित मोठे झाले, म्हणजे रंग अधिक चांगला वाहील. यंत्राच्या स्वतःच्या आतल्या सुईला वंगण म्हणून परदेशी तेल सांगतात. मी खोबरेल लावले. शुद्ध, वासाला चांगले आणि देवघरातच उपलब्ध. सुई लोण्यातून जावी तशी मागेपुढे होऊ लागली. एस.टी. क्रमांक सहावर तांबडी रेघ सरळ आली.

आनंदाच्या भरात गेणभाऊंना फोन केला. लग्नात माइकवरचे निवेदन त्यांच्याकडे आहे. रुखवताजवळ एक वाक्य घ्या म्हणालो: हे घर वधूपित्याने स्वतः एअरब्रशने रंगवले असून यंत्राची सर्व निगा घरगुती वस्तूंनी केली आहे. गेणभाऊ म्हणाले, दणक्यात घेऊ, शेठ. मी शेठ नाही, पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. दुरुस्ती केली नाही.

रंग उद्या.

११ डिसेंबर

थंडी फार पडली आहे. सकाळी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. आतले तेल पांढरे, मेणासारखे.

एअरब्रशची सुई हलत नाही.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मी अकरा वाजता लावला. प्रतिभाने सकाळी सातलाच लावला होता. बाटली उन्हात ठेवताना माझ्याकडे पाहून म्हणाली, तुमचं बी यंत्र ठेवू का हितं?

नको म्हणालो. उन्हात ठेवले असते तर काम झाले असते, हे खरे. पण मग सगळे उन्हानेच केले असे झाले असते.

१४ डिसेंबर, दुपार

प्रतिभा आळ्याला पत्रिका वाटायला गेली. घरी कोणी नाही. आज रंग देऊनच टाकायचा.

तेल आणि रंग मिळून आत जो लगदा झाला होता, तो कशानेच हलेना. हर्षालीच्या टेबलावर नेलपॉलिश काढण्याचे रिमूव्हर होते. लग्नासाठी आणलेली नवी बाटली. दोन थेंबांत लगदा विरघळला. इतका गुणी पदार्थ या घरात होता आणि मी चिंच भिजवत बसलो.

मग एक विचार सुचला. रंगवणे आणि सफाई ही दोन वेगळी कामे का समजावीत? रिमूव्हर रंगातच मिसळले, तर रंग जात असतानाच नळी साफ होत राहील. एकाच व्यवहारात दोन्ही बाजू जुळतात. हे पूर्वी कोणाला का सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते.

उसात बिबट्या असल्यामुळे अंगणात बसता येत नाही. खोलीतच, खिडक्या लावून घेऊन. रंग थोडा फुटल्यासारखा झाला आहे, पण वाहतो आहे. दर्शनी भिंतीपासून सुरुवात करतो.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

थर्माकोल रिमूव्हरने विरघळते.

ही माहिती बाटलीवर नव्हती. मी शोधले.

आधी भिंत ओली दिसली. मी जवळ जाऊन आणखी मारले. मग भिंत आत जाऊ लागली. दार आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या एक झाल्या. हर्षाली लहानपणी ज्या पायरीवर बसून दप्तर उपसायची, ती पायरी प्रतिभाने मुद्दाम झिजलेली केली होती. ती पायरी आता नाही. ओढणीचा दोरा मधोमध लोंबतो आहे.

मी हातात यंत्र घेऊन उभा होतो. यंत्र मात्र अगदी स्वच्छ झाले होते.

हर्षाली ऑफिसमधून आली. दारातच तिला वास आला. तिने घराकडे पाहिले, मग टेबलावरच्या रिकाम्या बाटलीकडे, मग माझ्याकडे. पुढे होऊन खिडक्या उघडल्या.

तेवढ्यात प्रतिभा आली. मी बोलण्यासाठी तोंड उघडले. वाक्य मनात तयार होते. परंतु ते जरा लांब होते आणि हर्षालीने आधी सुरुवात केली.

“आई, माझ्या हातून रिमूव्हर सांडलं. घाईत होते.”

प्रतिभा खाली बसली. मग हर्षालीला बोलू लागली. आठ दिवसांवर लग्न, अन् अजून हाताला वळण न्हाई. दोन महिने डोळे फोडले मी. उद्या सासूनं हेच बोलल्यावर मला फोन करू नको. पुष्कळ बोलली. हर्षाली मान खाली घालून ऐकत होती. मी नळी गुंडाळत होतो.

त्या क्षणी मी मध्ये पडलो असतो तर मुलगी आईपुढे खोटी ठरली असती. लग्नाच्या तोंडावर ते योग्य नव्हते.

१५ डिसेंबर

प्रतिभा हर्षालीशी बोलत नाही. दोघी एकाच ताटात बांगड्या मोजतात आणि बोलत नाहीत.

ठराव: आज रात्री जेवताना सांगणे.

रात्री पाहुणे होते.

१८ डिसेंबर

प्रतिभाने खड्ड्यांवर हिरव्या कागदाचा वेल चढवला. फुलेही केली. बाकीचे घर साध्या ब्रशने रंगवले. फराटे दिसतात. तसेच आमच्या भिंतीवरही आहेत, हे आज बाहेर जाऊन पाहिले.

हर्षालीला एकटीला गाठून मी म्हणालो, योग्य वेळ पाहून मी तुझ्या आईला सर्व सांगणार आहे. ती म्हणाली, “पप्पा, राहू द्या आता. लग्न होऊन जाऊ द्या.” आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

तिचीच इच्छा आहे म्हटल्यावर माझा नाइलाज आहे.

२२ डिसेंबर

लिहावेसे वाटत नाही. परंतु नियम तो नियम.

अक्षता वेळेवर पडल्या. जेवणे सुरळीत. मी डोक्याला फेटा बांधून रुखवताजवळ उभा होतो. गेणभाऊंना केलेला फोन माझ्या डोक्यातून पूर्ण गेला होता. त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

त्यांनी माइकवर दणक्यातच घेतले. वधूपिता श्रीमान हौशीरामशेठ यांनी परदेशी यंत्रानं, स्वतःच्या हातानं रंगवलेलं घर. यंत्र साफ करायला घरातल्याच वस्तू. पावण्यांनी पाहून घ्यावं, राव, असं रुखवत आळेफाट्यावर झालं न्हाई. पावणे पाहायला आले. प्रतिभा टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

विहीणबाईंना वेल फार आवडला. त्यांनी तो हाताने उचलला. खाली भोक. भोकातून मागची कांद्याची चाळ दिसत होती.

त्या मला म्हणाल्या, “हे काय झालं, इव्हाई?”

मी तोंड उघडले. हर्षाली शालू सावरत तिथेच होती. म्हणाली, “माझ्या हातून सांडलं काहीतरी.”

विहीणबाई तिच्याकडे पाहून मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. “खरं का?”

मी हो अशी मान हलवली.

विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, “सूनबाई, आपल्याकडं रोज दोन कॅन दूध डेरीला घालायचं असतंय. सांडायचं न्हाई.” भोवतीच्या बायका हसल्या. कोणीतरी म्हणाले, धांदरट हाय वाटतं. हर्षालीही हसली. मीसुद्धा हसलो, असे फोटोत दिसेल.

तिला गाडीत बसवताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. फेटा काढायचे राहिले होते.

२३ डिसेंबर

सर्व थकलेले आहेत. आज असा विषय काढणे अमानुष ठरेल.

२४ डिसेंबर

व्याह्यांकडे फोन करून खुलासा करायचे ठरवले. मुद्दे मनात मांडले: रिमूव्हरचे गुणधर्म, बाटलीवरील सूचनांचा अभाव, खिडक्या बंद ठेवण्याची अपरिहार्यता, आणि शेवटी हर्षाली निर्दोष. फोन विहीणबाईंनी उचलला. मी विचारले, सर्व नीट पोहोचले ना? त्या म्हणाल्या, पोचलं. मी थंडीविषयी विचारले. त्या म्हणाल्या, लई हाय. मग दुधाला काय भाव मिळतो ते विचारले. त्यांनी सांगितला. फोन ठेवला.

हर्षालीच्या आवाजाची वाट पाहत होतो. मागून भांडी पडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी हसले. कोणाच्या हातून पडली ते कळले नाही.

एअरब्रश कपाटात ठेवला आहे.

२६ डिसेंबर

पाचपरतावण. हर्षाली आणि जावई सुदर्शन जेवायला आले.

ठरवले होते की पुरणपोळी वाढून झाल्यावर, पहिला घास घेण्याआधी उभे राहून बोलायचे. तसा उभा राहिलो. म्हणालो, “रुखवतातल्या घराचे नुकसान माझ्या हातून झाले. हर्षालीचा त्यात काहीही दोष नाही.” कारणमीमांसा पुढे येणार होती. रिमूव्हरपासून सुरुवात केली.

सुदर्शन म्हणाला, “माहितेय मामा. हिनं गाडीतच सांगितलं. आईलाबी सांगितलं मी. ती म्हणाली, बापाला झाकती म्हंजी पोरगी चांगली हाय.” आणि त्याने पोळीवर तूप घेतले.

मी प्रतिभाकडे पाहिले. ती म्हणाली, त्याच दिवशी समजलं व्हतं. खोलीभर वास येत व्हता अन् तुमच्या मिश्या तांबड्या झाल्या व्हत्या. मग पोरीला का बोललीस, असे मी विचारले. ती म्हणाली, तुमी मधी पडाल म्हणून. लई वेळ बोलत राहिले, तरी पडला न्हाई.

हर्षाली ताटातल्या मिठाशी बोटाने खेळत होती. मी पुन्हा सांगू लागलो की बाटलीवर सूचना नव्हती, थंडीमुळे तेल गोठले होते, उसात बिबट्या होता. प्रतिभा म्हणाली, ते असू द्या. घराचं काही न्हाई, आणखी एक करीन.

मग तिने पोळीचे ताट खाली ठेवले.

“इहीणबाईनं विचारलं, खरं का. लेक समोर उभी व्हती. तुमी मान का हलवली?”

मी उभाच होतो. कारण शोधले. इतके दिवस प्रत्येक गोष्टीला एक सापडत होते.

हर्षाली म्हणाली, “पप्पा, बसा. जेवा.”

बसलो.