तीन नंबरचं घड्याळ

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

९४१! चक्क ९४१ लिहून आणलंय पोरीने! लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाचं उत्तर किती यायला हवं, हे आमच्या कॉलेजच्या माळ्यालासुद्धा पाठ आहे — ९८०. ते येतंच. नाही आलं तर आणतात.

फर्स्ट इयरची मृण्मयी. तीन नंबरचं टेबल. अक्षर सुरेख, आकृती सुरेख, उत्तर भिकार. लाल शाईने 'पुन्हा करा' लिहून वही परत केली. दहा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर आहे, हे दोन शब्द लिहायला हात आपोआप वळतो.

८ फेब्रुवारी

पुन्हा केलं. ९४३.

१० फेब्रुवारी, गुरुवार

तिसऱ्यांदा केलं. ९४०. या वेळी मी शेजारीच उभा होतो, चूक पकडायचीच म्हणून. दोऱ्याची लांबी बरोबर. गोळी अगदी हलकेच सोडली. झोके मोजताना शून्यापासून सुरुवात — बाकीची गाढवं एकपासून मोजतात आणि एक झोका खाऊन टाकतात! कुठे बोट ठेवायला जागा सापडेना, म्हणून जास्तच राग आला.

मग कपाटातून नमुना रेकॉर्ड काढलं. दर वर्षी काढतो. तपकिरी कव्हर, वर नाव: विनायक शेवडे, बी.एस्सी. प्रथम वर्ष, १९८०. होय, माझंच! आमच्या सरांनी तेव्हा ठेवून घेतलं, ते आजवर मुलांना दाखवायला वापरतात. ते काढताना थोडी छाती फुगते, पानाशी खोटं कशाला बोलू?

"हे बघ. हेच टेबल, हेच तीन नंबरचं घड्याळ. ९८०.४."

तिने अख्खं पान वाचलं. देवाची पोथी वाचावी तसं. मग म्हणाली, "सर, तुमची रीडिंगं किती सारखी आली ना! माझी तर इकडेतिकडे होऊन राहिलीत."

"हात बसला की येतात," मी म्हणालो.

दुपारी एचओडी साहेबांनी बोलावलं. "शेवडे जी, लड़की से कहो उल्टा हिसाब लगा ले. तेईस को एक्सटर्नल आ रहे हैं. बिना साइन की कॉपी लेकर मैं किसी को प्रैक्टिकल में नहीं बैठने दूँगा."

उलटं गणित म्हणजे आधी उत्तर लिहायचं, त्यावरून मागे येत वेळ काढायची, आणि खरं वाटावं म्हणून दोन-चार दशांश इकडेतिकडे शिंपडायचे. सगळ्यांना येतं. शिकवत कोणी नाही. मी आज शिकवलं. व्हरांड्यात, हळू आवाजात. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं, हेही सांगितलं.

तिचे डोळे भरले. पण म्हणाली काय — "सर, मग घड्याळ हातात घ्यायचंच कशाला?"

घरी येऊन शैलाला सांगितलं. ती पोळी उलटता उलटता हसली. "चला, भेटलं एकदाचं कोणीतरी तुम्हाला!"

११ फेब्रुवारी

मृण्मयी आज दारातच उभी. "सर, चूक माझी नाही आणि लंबकाचीही नाही. मग घड्याळ उरलं. ते वेधशाळेत, उन्हाच्या घड्याळाशी ताडायला घेऊन जाऊ?"

म्हटलं, घरात कोणाचं डिजिटल नाही का? आजकाल फ्रीगंजच्या बाजारात ढिगाने मिळतात. "अपूर्वदादाचं आहे ना. पण मग दोन घड्याळांचं भांडण होईल, सर. तिसरा पंच पाहिजे. उन्हाला चावी नाही द्यावी लागत."

लॅबची वस्तू विद्यार्थ्याला बाहेर नेता येत नाही. मला नेता येते!

१३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेआठ ते साडेदहा वेधशाळेत. उन्हाच्या घड्याळाच्या त्या भल्यामोठ्या भिंतीची सावली खालच्या खुणांवरून सरकते, ती आम्ही दर अर्ध्या तासाने वाचली. या गावात जन्मलो, पाहुण्यांना शंभरदा ते यंत्र दाखवलं असेल. त्याच्यावर वेळ कधी बघितली नव्हती.

पोरीची शिस्त बघावी! सावली दोघांनी वेगवेगळी वाचायची. तिचा आकडा वहीत उतरेपर्यंत मी माझा सांगायचा नाही. मी तोंड उघडलं तर, "सर, अजून नाही!" मला! माझ्याच विद्यार्थिनीने गप्प केलं! आणि बरोबरच केलं. माझा आकडा ऐकला असता तर तिचा त्याच्याकडे झुकला असता. इतकी साधी गोष्ट. दहा वर्षांत मी कोणाला शिकवली नाही.

उन्हाचे दोन तास झाले, तेव्हा घड्याळात दोन तास, दोन मिनिटं, पंचवीस सेकंद. दर अर्ध्या तासाला साधारण छत्तीस सेकंद पुढे.

ती आनंदाने ओरडली नाही, काही नाही. वही मिटली आणि म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं." मग कोपऱ्यावर पोहे खाल्ले. तिने दोन प्लेट खाल्ले. चार दिवस जेवली नसावी नीट.

१४ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आणला. घड्याळ पळतं, म्हणून झोक्यांची वेळ जास्त भरत होती आणि उत्तर कमी येत होतं; दुरुस्ती करून ९७९. जुने आकडे खोडले नाहीत. खाली लिहिलंय — 'घड्याळ तासाला सुमारे बहात्तर सेकंद पुढे जाते. आधीची रीडिंगं जशी आली तशी ठेवली आहेत.'

मी गमतीने म्हणालो, एकच तर कमी आहे, ९८० करून टाक ना. "सर, जेवढं आलं तेवढं."

किती वेळा वाचलं ते पान! एमएस्सीला पहिला आलो होतो मी. असं एक पान माझ्या हातून झालं नाही.

एचओडी साहेब मात्र भडकले. "वही घड़ी बरसों से सबको नौ सौ अस्सी दे रही है, इसी को क्यों नहीं दे रही? घड़ीसाज़ से लिखवाकर लाओ, तब साइन करना."

१६ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेज सुटल्यावर फ्रीगंज. प्रकाश घड्याळवाल्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. "अब तो लोग सेल बदलवाने ही आते हैं, साब." चावीचं घड्याळ बघून खूश झाला. डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि ते उजेडाकडे धरलं.

झाकणाच्या आतून सुईने खरवडलेलं — फर. ७८, म्हणजे फेब्रुवारी १९७८.

"मेरे बाबूजी का हाथ है. बाल-कमानी टूटी होगी, छोटी करके बाँध दी. तभी से तेज़ भाग रही है. इसके बाद किसी ने खोली ही नहीं, साब. खोलता तो अपनी तारीख डालता." बाल-कमानी म्हणजे आतली केसाएवढी बारीक स्प्रिंग; ती आखूड झाली की घड्याळ पळतं.

चिठ्ठी लिहून दिली, वर दुकानाचा शिक्का. तसाच सायकल हाणत साहेबांच्या घरी गेलो. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, "ठीक है" म्हणाले. सही केली मी! ९४१ खाली एक, ९७९ खाली एक. दोन्ही खरी. त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन शैलाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसलो. तिने झाकणावरची तारीख दोनदा विचारली. मग ताटं घ्यायला उठली.

२३ फेब्रुवारी

एक्सटर्नलने मृण्मयीला वीस मिनिटं उभं ठेवलं. उलटसुलट विचारलं. शेवटी तिची वही हातात धरून बाकीच्यांना म्हणाले, "प्रयोग इसे कहते हैं." ती लाजून टेबलाकडे बघत राहिली. मी मागे उभा होतो, टाळ्या वाजवायच्या राहिल्या. तिचं रेकॉर्ड आता कपाटात ठेवायचं, नमुना म्हणून, असं ठरलं.

२४ फेब्रुवारी

जागा करायला माझं जुनं रेकॉर्ड बाहेर काढलं. टेबल तीन. घड्याळ तीन. सन १९८०. उत्तर ९८०.४. झाकणावर ७८ — म्हणजे तेव्हाही ते पळतच होतं.

आजपर्यंत मला पक्कं आठवत होतं, की मी मोजलं होतं.

पानाखाली लाल शाईने लिहिलं — 'पुन्हा करा.' हात वळायला वेळ लागला.